ऐकू न येणारा आवाज गाळायचा कशाला?

बिलोलीच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. बिलोली हे नांदेड जिल्ह्याचे तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. आमचे काम भूकंपमापनाचे, तेव्हा विषयही तोच होता. तास संपला, चहा आला आणि तेवढ्यात दहावीतल्या एका मुलाने पिशवीतून एक जडसा काळा ॲम्प्लिफायर काढून टेबलावर ठेवला. त्याचा मोठा भाऊ काळी-पिवळी जीप चालवतो. लग्नसराईत हीच जीप वरातीला भाड्याने जाते, म्हणून त्याने तिच्यात कर्ज काढून गाण्याची व्यवस्था केली. गावातल्या सुताराकडून प्लायवूडचा डबा करून घेतला, त्यात बारा इंची स्पीकर बसवला आणि डब्याला प्लंबरकडे मिळते ती चार इंची पीव्हीसी नळी लावली. दीड महिन्यात स्पीकर फाटला. दुसरा आणला, तोही तसाच गेला. कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत.

मुलाने ॲम्प्लिफायरच्या एका बटनावर बोट ठेवले. बटनावर 'सबसॉनिक' असे लिहिलेले, बाजूला १० पासून ५० पर्यंत आकडे. "दुकानदारानं सांगितलं, हे खाली १० वरच ठेव, नाहीतर बेस कमी होतो. भावानं तसंच ठेवलं. पण सर, पुस्तकात तर लिहिलंय की २० हर्ट्झच्या खालचं माणसाला ऐकू येत नाही. मग जे ऐकूच येत नाही ते गाळायलेत कशाला?"

प्रश्न फार चांगला होता आणि आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर फारसे चांगले नव्हते. स्पीकरला ते सोसत नाही, एवढेच आम्ही सांगितले. का सोसत नाही, आणि हे गाळायचे कोणाला व कधी सुचले, हे सांगायचे तर शंभरएक वर्षे मागे जावे लागते. पुढच्या खेपेस बिलोलीला जाण्याआधी आम्ही ते सारे जुळवले; हा लेख त्यातूनच झाला.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. 'सबसॉनिक' हा शब्द विमानांच्या शास्त्रातला. ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाणारे ते सबसॉनिक. २० हर्ट्झहून कमी कंप्रतेच्या ध्वनीला 'इन्फ्रासॉनिक' म्हणायला हवे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला अवश्राव्य ध्वनी म्हटले आहे. पण ॲम्प्लिफायर करणाऱ्यांच्या धंद्यात चुकीचे नाव रूढ झाले ते झाले. दुसरे असे की २० हर्ट्झ ही काही भिंत नव्हे. १००० हर्ट्झचा स्वर निरोगी तरुण कानाला दोन-तीन डेसिबेललाही कळतो. २० हर्ट्झचा स्वर जेमतेम कळायला सुमारे ७८ डेसिबेल लागतात. त्याखाली कान आणखी मंद होत जातो, पूर्ण बंद होत नाही. मुलांना शिकवताना '२० ते २०,०००' हे आकडे आपण जरा जास्तच ठामपणे सांगतो.

टेलिफोनच्या तारेवर

विजेच्या प्रवाहातून हव्या त्या कंप्रता ठेवायच्या आणि नको त्या अडवायच्या, ही गरज प्रथम टेलिफोनवाल्यांना भासली. लांबच्या तारेवर एका वेळी एकच संभाषण चालते, तेव्हा तांब्याचा खर्च डोईजड होतो. प्रत्येक संभाषण वेगवेगळ्या कंप्रतेच्या लहरींवर बसवून एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवावीत ही कल्पना चांगली, पण पलीकडच्या टोकाला ती वेगळी कशी करायची? अमेरिकेतील टेलिफोन कंपनीतल्या जॉर्ज कॅम्पबेल यांनी कॉइल आणि कपॅसिटर यांची साखळी जोडून तशी गाळणी केली आणि १९१५ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल विली वॅग्नर हेही तिथेच पोचले होते. पहिले महायुद्ध चालू होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असणे कठीणच. १९१८ साली बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग या शहरांमध्ये अशा गाळण्यांच्या जोरावर एका तारेवर अनेक संभाषणे सुरू झाली.

गाळणीचे तत्त्व वर्गात सहज सांगता येते. कपॅसिटरमधून स्थिर प्रवाह जात नाही. प्रवाहाची दिशा जितकी झपझप बदलेल तितका त्याचा अडथळा कमी. कॉइलचे बरोबर उलटे. संथ प्रवाहाला ती वाट देते आणि वेगाने बदलणाऱ्याला अडवते. नुसता एक कपॅसिटर आणि एक रोध घेतला तरी साधी गाळणी होते. ८० हजार ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर दोघांचा गुणाकार आणि २π यांनी १ ला भागून येते सुमारे २० हर्ट्झ. या कंप्रतेला निम्मीच शक्ती पार जाते आणि त्याहून खूप खाली गेलो की दर सप्तकाला विद्युतदाब निम्मा होत जातो. सप्तक म्हणजे आपल्या गाण्यातलेच: २० चे १०, १० चे ५. संगीत शिकवणाऱ्या बाईंना वर्गात बोलावले तर हा भाग त्या आपल्यापेक्षा चांगला समजावतील.

पण ही उतरण फार सौम्य आहे. कडा तीव्र हवी असेल तर एकामागे एक गाळण्या लावाव्या लागतात, आणि त्या नुसत्या लावल्या तर एकमेकींच्या कामात लुडबुड करतात. १९३० साली इंग्लंडमधील स्टीफन बटरवर्थ यांनी दोन गाळण्यांच्या मध्ये एकेक व्हॉल्व्ह ठेवून ही लुडबुड थांबवली. हवा असलेला पट्टा सपाट राहील आणि नको तो भाग झपाट्याने उतरेल असे गणितही त्यांनी मांडले. जीपमधल्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात आजही त्यांचे नाव असते. ते नाव एका माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या चौथ्या पायरीच्या गाळणीत एक सप्तक खाली गेले की विद्युतदाब सोळावा हिस्सा उरतो. शक्ती म्हणाल तर २५६ वा हिस्सा.

अडचण उरली कॉइलची. १० हजार ओहमच्या मंडलात २० हर्ट्झला गाळायचे तर सुमारे ८० हेन्रीची कॉइल लागते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक एक-सव्वा हेन्रीचा असतो. म्हणजे पासष्ट-सत्तर चोक एकापुढे एक. जीपमध्ये मग माणसे कुठे बसायची? १९५५ साली अमेरिकेत सॅलन आणि की या दोघांनी कॉइल अजिबात न वापरता, दोन रोध, दोन कपॅसिटर आणि एक वर्धक एवढ्यात तेच काम करून दाखवले. मुलाच्या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्या बटनामागे होते ते बहुधा हेच, नखाएवढ्या जागेत.

तबकडीची घरघर

मात्र २० हर्ट्झच्या खालचे गाळावे अशी वेळ टेलिफोनवर कधी आली नव्हती. टेलिफोन तर ३०० हर्ट्झच्या खालचे सगळेच टाकून देतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १००-१५० हर्ट्झच्या आसपास असतो. टेलिफोनवर तो पोचतच नाही, तरी वडिलांचा आवाज आपल्याला वडिलांचाच वाटतो. वरचे उपस्वर पोचतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू खालचा हरवलेला स्वर स्वतःच भरून काढतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

ही वेळ आणली ग्रामोफोनने, तीही उशिरा. फ्रेड गेसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा सारा मामला कर्ण्याचा होता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्याच जोराने सुईने मेणावर रेघ ओढायची. या पद्धतीत खालचे स्वर उमटतच नसत. १९२५ पूर्वीच्या तबकड्या ऐकताना तबल्याची चाट कळते, पण डग्ग्याची घुमार नाही, याचे कारण तबलजी नव्हे. १९२५ मध्ये विजेवर चालणारे मुद्रण आले आणि डग्गा घरात शिरला.

त्याच्या मागोमाग नको असलेला पाहुणाही आला. तबकडी फिरवणाऱ्या मोटरचा आणि बेअरिंगचा थरकाप सुईला लागतो आणि तोही आवाज म्हणून पुढे जातो. १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली. तिच्यात खालचे स्वर मुद्दाम दाबून कोरत आणि वाजवताना तितकेच उचलून घेत. १९५४ पासून ठरलेल्या प्रमाणानुसार २० हर्ट्झजवळ ही उचल १९ डेसिबेलच्या पुढे जाते. गाण्यासोबत घरघरही तितकीच उचलली जाते. शिवाय तबकडी जरा जरी वाकडी असेल तर सुई प्रत्येक फेऱ्याला वर-खाली होते. सेकंदाला अर्ध्याहून थोडे जास्त फेरे, एका फेऱ्यात तीन-चार उंचवटे, म्हणजे दोन हर्ट्झचा 'स्वर' झाला. कोणी गायलेला नाही, कोणाला ऐकूही येत नाही. पण ॲम्प्लिफायर तो इमानेइतबारे वाढवतो आणि स्पीकरचा शंकू श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर हलत राहतो. म्हणून चांगल्या ॲम्प्लिफायरवर घरघर गाळण्याचे बटन आले. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकातही २० हर्ट्झच्या खाली उतार देण्याची दुरुस्ती झाली. जीपमधल्या बटनाचा पूर्वज तो हा.

इथे एक अवांतर गोष्ट सांगायचा मोह होतो. ग्रामोफोनवाल्यांच्या दृष्टीने जी घरघर, तीवरच आमची चूल पेटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झाले होते, दमून सगळे झोपलेले. ६.२ प्रतीच्या त्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपलहरींची बहुतेक ताकद दहा हर्ट्झच्या खाली असते. दगडमातीच्या जाड भिंतींची बसकी घरेही स्वभावतः सेकंदाला पाच-दहा वेळाच डोलतात. आमची आजची यंत्रे दोन मिनिटांतून एकदा होणारे डोलणेही टिपतात. जीपमधल्या बटनाचा सर्वांत खालचा आकडा १०, आणि आमच्या कामाचा मोठा भाग त्याच्या खालीच सुरू होतो. उलट मिरवणुकीचा, ट्रॅक्टरचा, मोटारपंपाचा वरचा गोंगाट आम्ही गाळतो. मात्र अगदी जवळचा आणि उथळ भूकंप लहान असला तरी त्याचा काही भाग २० हर्ट्झच्या वर येतो आणि तो ऐकू येतो. नांदेड शहरात २००६ ते २००८ या काळात जमिनीतून आवाज येत असल्याच्या तक्रारी होत्या. त्या लहान धक्क्यांच्याच होत्या, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रे लावून ते दाखवले. मराठवाड्यात अशा 'गूढ आवाजां'च्या बातम्या आजही येतात. तो आवाज खरा असतो. लोकांना भास होतो असे म्हणून वर्गात विषय झटकू नये.

घागर, नळी आणि शंकू

आता मूळ प्रश्न. जीपमध्ये तबकडी नाही, तिची घरघरही नाही. मग बटन का राहिले?

आमच्या लहानपणी लग्नात खांबावर बांधलेला पत्र्याचा भोंगा असे. भोंग्याला लांबीनुसार एक खालची मर्यादा असते, आणि खांबावरच्या भोंग्याची मर्यादा तीन-चारशे हर्ट्झच्या घरातच असे. त्याच्या खालचे तो जवळजवळ काहीच देत नाही. तरी गाणे ओळखू येई, ते टेलिफोनच्याच न्यायाने. आपल्या हलगीला, संबळाला, ढोलकीलाही ४० हर्ट्झच्या खाली जायचे कारण नव्हते. त्या खालचा 'बेस' ही अलीकडची चैन आहे. सिंथेसायझरने तो निर्माण करता येऊ लागला आणि १९८२ पासून सीडीवर तो विनासायास साठवता येऊ लागला. सुई नाही, खाच नाही, मग मर्यादा कसली? अमेरिकेत १९७४ साली भूकंपावरच्या एका चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड स्पीकर ठेवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या होत्या. आज तो खेळ जीपच्या मागच्या सीटखाली मावतो.

मोटारीत तो मावणे सोपे नव्हते. बॅटरी १२ व्होल्टची, गाडी चालू असताना १४. चार ओहमच्या स्पीकरला एवढ्यात सरळ हिशेबाने सहा वॅट मिळतात. दोन वर्धक उलटसुलट जोडले तर फार तर २५. पाच-सहाशे वॅट हवे तर आधी व्होल्टेज वाढवले पाहिजे. १९३० च्या दशकातल्या मोटार-रेडिओतही हीच अडचण होती. तिथे एक थरथरणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत राही आणि रोहित्रातून तो वाढवून घेत. आता पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आहेत, ते तेच काम सेकंदाला हजारो वेळा करतात. सहाशे वॅटसाठी बॅटरीतून ५०-६० अँपिअर ओढले जातात. यातला मोठा हिस्सा ऐकू न येणाऱ्या हालचालीत गेला तर गाडीचे दिवे मंदावतात आणि गाणे मात्र होते तेवढेच राहते.

पण खरा घात डब्यात होतो. ध्वनीचा दाब शंकूच्या त्वरणावर अवलंबून असतो. कंप्रता निम्मी केली तर तेवढाच आवाज देण्यासाठी शंकूला चौपट हलावे लागते. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल तर ४० ला चार आणि २० ला सोळा. स्पीकरची कॉइल चुंबकाच्या फटीत जेमतेम सात-आठ मिलिमीटर सुखाने सरकते. हा त्रास कमी करण्यासाठी डब्याला नळी बसवतात. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थ्यूरस यांना अशा डब्याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. तत्त्व घागरीचे आहे. घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते. तोंडाजवळची हवा हे वजन आणि आतली हवा ही स्प्रिंग. याला अनुस्पंदन म्हणतात. सुताराने केलेल्या डब्यात ५० लिटर हवा होती. नळीचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि लांबी २० सेंटिमीटर. हिशेब केला तर हा डबा ४१ हर्ट्झला घुमतो. त्या स्वराला नळीतली हवाच सगळे काम करते आणि शंकू जवळजवळ स्थिर राहतो.

या डब्यांचे नेमके गणित मात्र तीस वर्षे कोणी धड मांडले नाही. सुतारकाम अंदाजाने चाले, अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: नळीचा डबा आणि स्पीकर मिळून जे होते ती स्वतःच एक गाळणी आहे, कॅम्पबेल-बटरवर्थ यांच्या गाळण्यांसारखीच, फक्त तारेऐवजी हवेची आणि कागदाची. चौथ्या पायरीची. म्हणजे टेलिफोनवाल्यांचे सारे गणित जसेच्या तसे डब्याला लावता येते. तो लेख ऑस्ट्रेलियाबाहेर फारसा कोणी वाचला नाही; १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि पाठोपाठ सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर बांधकाम केले, तेव्हा जगाला जाग आली. आम्हांला हा सगळा इतिहासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. दोन वेगळी दिसणारी यंत्रे एकाच समीकरणाची आहेत, हे ओळखायला कुठलेही नवे उपकरण लागले नव्हते.

याच गणितातून मुलाचे उत्तर निघते. ४१ हर्ट्झच्या खाली गेलो की नळीतली हवा शंकूच्या बरोबर उलट हलू लागते. शंकू बाहेर आला की नळी हवा आत ओढते; दोघांचा आवाज एकमेकांना मारतो. म्हणून बाहेर काही ऐकू येत नाही. आणि डब्यातल्या हवेची जी स्प्रिंग शंकूला आवरून धरत होती, ती आता उरलेलीच नसते, कारण हवा नळीतून मोकळी ये-जा करते. जणू डबाच नाही. शंकू सैरावैरा हलतो, कॉइल फटीतून बाहेर पडते, मागच्या लोखंडावर आपटते, कापडी आधार फाटतो. आवाज जवळजवळ शून्य आणि हालचाल सर्वांत जास्त, म्हणून चालवणाऱ्याला धोक्याची सूचनाही मिळत नाही. उलट आवाज पडला असे वाटून तो तो आणखी वाढवतो.

गाण्यात एवढ्या खालचे येते कुठून? माइकवर 'प' किंवा 'भ' जोरात म्हटला, माइक हाताळताना आपटला, वारा लागला, की ते आलेच. मूळ गाणे संथ करून त्याचा स्वर उतरवलेली जी रूपे वरातीत वाजतात, त्यांत ४० चा ठोका ३० वर येऊन बसतो. दुकानदाराचे म्हणणे बंद डब्याला बऱ्याच अंशी चालले असते. नळी नसलेल्या डब्यात हवेची स्प्रिंग खालपर्यंत शाबूत राहते. नळीच्या डब्याला नाही.

साबुदाण्याचा प्रयोग

दुसऱ्या खेपेस आम्ही बिलोलीला गेलो तेव्हा तो डबा शाळेच्या व्हरांड्यात आडवा ठेवला, शंकू वर करून. त्यात तिसरा, नवा स्पीकर होता, त्यामुळे आवाज बेताचाच ठेवण्याची भावाने अट घातली होती. शंकूवर मूठभर साबुदाणा टाकला आणि संगणकातून शुद्ध स्वर दिला. ६० हर्ट्झला दाणे नाचले. हळूहळू खाली येत ४१ जवळ पोचलो तर दाणे निवांत, पण नळीसमोर धरलेली उदबत्ती जोराने फडफडली. मुलांना हे पटेना. आवाज एवढा आणि शंकू गप्प कसा? २५ वर आलो, आवाज क्षीण झाला आणि दाणे उडून फरशीवर गेले. १५ ला काहीच ऐकू येत नव्हते, शंकू मात्र डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका आत-बाहेर होत होता. मग बटन १० वरून ३२ वर नेले. शंकू थांबला. मुलांना डोळे मिटायला सांगून गाणे लावले आणि बटन दोन्हीकडे फिरवले. फरक कोणालाही ओळखता आला नाही.

ज्या शाळेत असा ॲम्प्लिफायर नाही तिथे जुना आठ ओहमचा स्पीकर आणि १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पुरतात. कपॅसिटरची ऋण टोके एकमेकांना जोडावीत आणि ही जोडी स्पीकरच्या एका तारेत घालावी. दोघांची मिळून ५०० मायक्रोफॅरड होते आणि गाळणी ४० हर्ट्झच्या आसपास लागते. उतरण सौम्य आहे, पण साबुदाण्यातला फरक दिसतो.

हे आवरत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "मिरवणुकीत आवाज मोजतात त्या मीटरमध्येपण असं बटन असतं का?"

असते, आणि त्याचाही इतिहास आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी कोणत्या कंप्रतेला कान किती मंद आहे ते मोजले. त्यावरून मीटरमध्ये बसवायच्या गाळण्या ठरल्या: हळू आवाजासाठी 'ए', मोठ्या आवाजासाठी 'सी'. मोठ्या आवाजात कान खालच्या स्वरांना इतका मंद राहत नाही, म्हणून 'सी' जवळजवळ सपाट आहे. पुढे सोयीसाठी सगळीकडे 'ए'च वापरात राहिली. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, तीही 'ए' गाळणीतून मोजायची आहे. ही गाळणी ५० हर्ट्झला ३० डेसिबेल वजा करते, ४० ला साडेचौतीस. ५० हर्ट्झचा ११० डेसिबेलचा ठोका मीटरवर ८० दिसतो. भिंतीही बारीक आवाज अडवतात आणि हाच ठोका आत सोडतात. आमचे मत असे की एवढ्या मोठ्या आणि एवढ्या खोल आवाजासाठी 'सी'चा आकडाही शेजारी लिहायला हवा. मोबाइलमधल्या मीटरवर तर अजिबात विसंबू नये. त्याच्या माइकमागे बऱ्याचदा स्वतःचीच एक गाळणी असते.

आमच्याकडच्या मीटरला दोन्ही बटने होती. मुलीने डब्यावर ४० हर्ट्झचा स्वर लावायला सांगितला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि वहीत लिहिले: सी ९६, ए ६६. मग वर्गाच्या खिडकीला हात लावून तावदान थरथरते का ते पाहिले आणि तेही लिहिले. तोवर भावाने डबा उचलून जीपमध्ये ठेवला होता. बटन कोणी फिरवू नये म्हणून ३२ च्या आकड्यावर त्याने वायरमनची काळी चिकटपट्टी लावली आणि फरशीवरचा साबुदाणा गोळा करायला तो धाकट्याला हाक मारू लागला.